रांजणांचं गाव, इराचं गाव

वाईत सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे की मी दुबईला जाऊन आले. भाजीवालीसुद्धा विचारते, "तो उंच मनोरा पाहिलात का हो?" पाहिला; लांबून, गाडीच्या काचेतून, आणि तेवढ्यात जावयाने वळण घेतलं. मी गेले होते शारजाला. माझी लेक केतकी, जावई समीर आणि नात इरा तिथल्या अल मजाज भागात, खाडीकाठच्या एका उंच इमारतीत राहतात. महिनाभर होते. मॉल पाहिले, वाळवंटात उंटही पाहिला. उंटाने मला पाहून तोंड फिरवलं, मीही फिरवलं. ते सगळं सोडून देते. सांगण्यासारखे दोन दिवस आहेत, एक शनिवार आणि एक रविवार.

अल मजाज

मी हौसेने गेले नव्हते, मला कामगिरीवर बोलावलं होतं. समीरच्या कंपनीचं काम आटत चाललं होतं. त्याला इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली आणि जूनमध्ये तिघांनी तिकडे कायमचं जायचं ठरलं. ठरवलं दोघांनी, इराला नंतर सांगितलं. इरा चौदा वर्षांची. जन्मली शारजात, वाढली शारजात. पण तिथे जन्मलं म्हणून कुणी तिथलं होत नाही. बापाची नोकरी संपली की व्हिसा संपला, मग लेकरू कितीही वर्षांचं असो. बातमी कळल्यापासून ती बापाशी बोलेनाशी झाली होती. "आई, तू ये," केतकी फोनवर म्हणाली. "तुझं ऐकते ती. तूच समजूत घाल."

समीर माणूस चांगला, पण त्याला वाटतं की माहिती दिली की माणसाचं समाधान होतं. ज्या खेड्यात त्यांनी घर बघितलं होतं त्याची सगळी कुंडली त्याने लॅपटॉपवर जमवली होती. रोज जेवणं झाली की तो ते उघडून बसायचा. "हे बघा आई, हे दगडी चर्च. कित्येक शतकांपूर्वीचं आहे. हा ओढ्यावरचा पूल, अजून तसाच आहे. हे गावातलं गवताचं मैदान, इथे पूर्वी बाजार भरायचा." मी आयुष्यभर जावळी आणि पाटणच्या डोंगरातल्या गावांत ग्रामसेविका होते. गाव म्हटलं की मला देवळाआधी पाणवठा आठवतो. मी विचारलं, "पाणी कुठून येतं?" ते त्याच्या माहितीत नव्हतं. त्याने शोधायला घेतलं.

इरा सोफ्यावर पाय घेऊन फोन बघत होती. समीर तिच्याकडे न बघता तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "शाळा चालत पाच मिनिटांवर आहे. इथल्यासारखी पहाटे बस पकडायला नको."

"आय लाइक माय बस," इरा म्हणाली आणि आत निघून गेली.

मी तिच्या मागे गेले. पलंगावर बसले, तिच्या पायावरून हात फिरवला आणि जे सगळे म्हणतात तेच म्हटलं: नवीन जागा, नवीन मैत्रिणी, सवय होते. ती सभ्यपणे ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "ओके, आजी." कामगिरीचा पहिला दिवस असा पार पडला.

डोंगराकडे

समीरच्या ऑफिसात सालिम नावाचा एक स्थानिक अरब सहकारी आहे. निरोपाचं जेवण म्हणून त्याने आम्हाला सगळ्यांना शनिवारी त्याच्या आईच्या गावी बोलावलं. आता गंमत ऐका. केतकी आणि समीर सतरा वर्षं त्या देशात राहिले, पण तिथल्या माणसाच्या घरात त्यांचं हे पहिलंच पाऊल. मला नवल वाटलं. केतकी म्हणाली, "आई, आम्ही आपल्या लोकांतच असतो गं. ते त्यांच्यात." तिला आदल्या रात्रीपासून काय घालावं याची काळजी पडली होती. इराने मात्र पांढरा लांब कुर्ता घातला आणि ओढणी पाठीवर टाकली, कुणी न सांगता.

शारजाच्या बाहेर पडलं की आधी सपाट वाळू लागते, मग ती तांबडी होते, आणि मग एकदम डोंगर उभे राहतात. त्यांच्यावर गवताची काडी नाही. आमचे डोंगर उन्हाळ्यात असे बोडके होतात तेव्हा आम्ही हळहळतो. हे बारा महिने तसेच आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. रस्ता कोरड्या नदीच्या पात्रातून वर चढत जातो. इराने काच खाली केली आणि सबंध वाट तिचा हात बाहेर होता. समीर दोनदा म्हणाला, "हात आत घे." तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

मी साताऱ्याहून खास कंदी पेढे नेले होते. त्यातला एक डबा सालिमच्या घरासाठी ठेवला होता. गावात पोचल्यावर समीरने गाडीची डिकी उघडली, आम्ही सालिमशी रामराम करत दोन मिनिटं उभे राहिलो आणि वळून बघतो तर एक शेळी पुढचे दोन पाय डिकीत टाकून पेढे खात होती. डब्याचा पुठ्ठाही तिने सोडला नाही. "यल्ला! यल्ला!" करत सालिमने तिला हाकललं आणि खूप हसला. मला मात्र हसू आलं नाही. कुणाच्या घरी पहिल्यांदा जायचं आणि रिकाम्या हाताने? ती टोचणी दिवसभर राहिली.

जुनं गाव

गावं दोन आहेत. खाली सरकारने बांधून दिलेली नवी घरं, टाइल्स लावलेली, एसी असलेली. वर डोंगराच्या खांद्यावर जुनं गाव, आता त्यात कुणी राहत नाही. सालिम आम्हाला जेवणाआधी तिकडे घेऊन गेला. गावाचं नाव मी सांगत नाही. सालिमची आई म्हणाली होती, लोक गाड्या घेऊन येतात आणि प्लास्टिक टाकून जातात.

वर पोचल्याबरोबर मला आधी पाणवठा दिसला आणि जीव निवला. कातळात खोदलेली, दगडांनी बांधलेली टाकी, पावसाचं पाणी वळवून आणायला उतारावर चर. त्याच्या खाली डोंगराला एकावर एक घातलेल्या दगडी ताली, म्हणजे माती अडवणारे बांध. तालींमध्ये पावसावर गहू आणि जव पेरायचे, सालिम म्हणाला. असल्या ताली मी पाटणला किती बांधून घेतल्या असतील! मी एका तालीवर उभी राहून दगडांची रचना बघत बसले. समीर म्हणाला, "आई, मशीद बघायची आहे ना?" मशीद बुटकी, मनोरा नसलेली, आपल्या वाडीवरच्या मारुतीच्या देवळाएवढी. पलीकडे कब्रस्तान. प्रत्येक कबरीला डोक्याशी एक दगड आणि पायाशी एक, कशावरही नाव नाही.

समीर हळूच म्हणाला, "तिकडे चर्चच्या आवारात सगळ्यांची नावं कोरलेली आहेत." खरंच असतील. मी म्हटलं, "इथे कोण कुठे आहे ते घरच्यांना माहीत असतं." सालिम म्हणाला की आईला माहीत आहे, त्याला अर्धंच माहीत आहे.

पण मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिली ती घरं. अर्धी जमिनीत रुतलेली, हातभर जाड दगडी भिंती, आणि दार एवढंसं की मला बसून, जवळजवळ रांगत आत जावं लागलं. आत अंधारात तीन रांजण उभे होते. धान्याचे. माझ्या खांद्याला लागतील एवढे, आणि पोट दाराच्या दुप्पट रुंद. मी दाराकडे बघितलं, रांजणांकडे बघितलं. "हे आत आणले कसे?"

"आणले नाहीत," सालिम हिंदीत म्हणाला. "पहले मटका रखा, फिर घर बनाया." आधी रांजण मांडायचे, मग भोवती भिंती उचलायच्या. हिवाळ्यात लोक इथे राहायचे, पेरायचे, कापायचे. उन्हाळा आला की धान्य रांजणात भरायचं, दाराला मोठं लाकडी कुलूप ठोकायचं आणि समुद्राकडे खजुराच्या बागांत उतरायचं. तिथला पाऊस हिवाळ्यातला; तो जवळ आला की परत वर. चोर आला तरी रांजण उचलून नेऊ शकत नाही.

"अँड व्हेन यू मूव्ह्ड?" इराने विचारलं. दिवसभरातलं तिचं पहिलं वाक्य.

"देखो," सालिम रांजणावर थाप मारत म्हणाला. "सामान नीचे गया. ये यहीं है."

धूप

जेवण उम्म सालिम म्हणजे सालिमच्या आईच्या घरी. माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. लहान चणीच्या, हातांना मेंदी, डोळे बारीक. सगळ्यांत मोठ्या म्हणून त्या बैठकीत सगळ्यांबरोबर बसल्या. एका भल्यामोठ्या परातीत मासा आणि भात आला, भोवती बसून सगळ्यांनी उजव्या हाताने खायचं. हाताने खाण्यात आपण कुणाला हार जाणार नाही, पण एकाच परातीत खाताना दुसऱ्याच्या बाजूला हात जाऊ द्यायचा नाही हे सांभाळावं लागतं. उम्म सालिम माशाचा काटा काढून मधला मऊ भाग माझ्यापुढे सरकवत होत्या. मी तो इरापुढे सरकवत होते. इरा त्यांच्याशी शाळेत शिकलेलं अरबी बोलत होती. त्या दोघी हसत होत्या, आणि तिचा बाप, आई, आजी माना डोलावत होतो. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं.

फळं झाली, कॉफी झाली, चहा झाला. मग सालिमची बायको एका तबकात निखाऱ्यांचं छोटं धूपपात्र घेऊन आली. त्यावर सुगंधी लाकडाचे तुकडे धुमसत होते. ते आधी माझ्यापुढे आलं. आता आपल्यापुढे कुणी तबकात धूप आणला तर आपण काय करतो? मी दोन्ही हात धुरावर धरले, डोळ्यांना लावले, नमस्कार केला. आणि रिकाम्या हाताने आल्याची टोचणी होतीच, मी पर्समधून एक दिरहमचं नाणं काढून तबकात ठेवलं.

"आई!" केतकी कुजबुजली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सालिमची बायको गोंधळली, पण तबक पुढे नेलं. बाकीच्यांनी धूर ओढणीखाली, केसांत, बाहीत घेतला. झालं. तबक गेलं. सगळे गप्प. आम्हीही गप्प बसलो. समीरने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, म्हणजे बस. आरती झाली आणि प्रसादाआधी उठून गेलं असं माझ्या जन्मात घडलं नाही. बराच वेळ गेला. सालिम पाय बदलून बसला. शेवटी उम्म सालिमनी त्याला काही विचारलं आणि त्याने समीरला हिंदीत विचारलं, अम्मा को कुछ चाहिए क्या?

समीरने मला विचारलं. मी म्हटलं, "काही नको रे. प्रसाद घेतल्याशिवाय कसं उठायचं?"

समीरने ते सांगितलं. सालिमने ते आईला सांगितलं, नाण्याचंही सांगितलं असावं, कारण ती बाई तोंडाला ओढणी लावून जी हसायला लागली ती थांबेना. मग कळलं. त्यांच्याकडे धूप फिरला की बैठक संपली. पाहुण्याने उठायचं, कपड्यांना वास घेऊन घरी जायचं. आम्ही निरोप घेऊन झाल्यावर ठाण मांडून बसलो होतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठायला लागले, तर उम्म सालिमनी माझा हात धरून खाली बसवलं. "अम्मा बोलती है, अब प्रसाद मिलेगा, तभी जाने का," सालिम म्हणाला. आतून सकाळचा केलेला गोड पदार्थ आला. भाजलेलं पीठ, तूप, साखर, वेलची, केशर. सत्यनारायणाचा शिरा, दुसरं काही नाही! मी तो उजव्या तळव्यावर घेतला, आणि उम्म सालिमनीही माझं बघून तसाच घेतला.

नंतर परतताना गाडीत इरा मला म्हणाली की तिला हे धुपाचं आधीच माहीत होतं. शाळेत शिकवलं होतं. मग बोलली का नाहीस? "आय डिडन्ट वॉन्ट टु लीव्ह येट."

तर आम्ही थांबलो. बाहेर ऊन उतरत होतं. उम्म सालिम आता ऐसपैस बसल्या आणि इराने त्यांना विचारलं की तुम्ही वरचं घर कधी सोडलं. त्या अरबीत सांगत होत्या, सालिम हिंदीत आणत होता. त्यांचं लग्न होऊन थोडी वर्षं झाली होती. सगळे नेहमीसारखे उन्हाळ्यात खाली उतरले. दाराला कुलूप लावलं. रांजणात गहू होता. मग खाली घरं मिळाली, वीज आली, नळ आला, आणि हिवाळ्यात वर कुणी गेलंच नाही.

"अच्छा हुआ," सालिम म्हणाला. "मैं हॉस्पिटल में पैदा हुआ. मेरे दो भाई ऊपर मर गए थे." उम्म सालिमनी मान डोलावली. त्यांनाही ते मान्य होतं. मग त्या बराच वेळ बोलल्या आणि सालिम म्हणाला, "अम्मा बोलती है, जाना ठीक था. लेकिन किसी ने बोला नहीं कि ये आखिरी बार है. बोलता तो मैं ठीक से देख के जाती."

इरा खाली मान घालून बसली होती.

उम्म सालिमनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आता थेट हिंदीत, तुटक तुटक विचारलं, "मेरा गाँव देखा. तेरा गाँव?"

समीर चटकन म्हणाला, "महाराष्ट्र में, सातारा के पास..."

"शारजा," इरा म्हणाली. "अल मजाज. गाँव नहीं है. बिल्डिंग है."

"बिल्डिंग बता."

आणि ती सांगायला लागली. हिंदी, अरबी, इंग्रजी, जे हाताला येईल ते. खाडीचा काठ, खालचं दुकान, कोपऱ्यावरचा चहा, पार्किंगमधली मांजरं. उम्म सालिम मध्ये मध्ये विचारत होत्या, मांजरं किती, चहा कोण करतो. समीर आधी तोंडभर हसत ऐकत होता. मग त्याचं हसू गेलं. तो नुसताच ऐकत राहिला.

इराचं गाव

रविवारी सकाळी मी चहा घेत होते. समीर इराच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला दाखवशील? कालचं?" थोड्या वेळाने ती बूट घालून बाहेर आली.

मी त्यांच्या मागून चालत होते. गुडघ्यांमुळे मी मागेच असते, ते त्या दिवशी बरं झालं.

प्रवासवर्णनात लोक किल्ले आणि कारंजी सांगतात, मी ही बिल्डिंग सांगते. आमची इमारत आधी हिरवी होती, इरा चार वर्षांची असताना ती पिवळी केली. लिफ्टच्या मागे अजून हिरवा रंग दिसतो. लिफ्ट डावीकडची घ्यायची, उजवीकडची सातव्या मजल्यावर उगाच थांबते. सातव्यावर तिची मैत्रीण मरियम राहायची, सुदानची. सुट्टीला म्हणून गेली आणि परत आलीच नाही. "देअर वॉज नो गुडबाय. दॅट्स हाऊ इट इज हिअर," इरा म्हणाली. सगळ्यांचंच असं होतं, उन्हाळा आला की कोण परत येईल सांगता येत नाही. तळाशी केरळच्या माणसाचं दुकान आहे. तो अजूनही इराला न विचारता आधी लिंबाचं चॉकलेट काढतो, ते तिला सहाव्या वर्षी आवडायचं. तिला आता ते आवडत नाही, पण ती घेते. खाडीच्या काठावर कठड्याचा एक गज वाकलेला आहे; तिथे ती सायकल शिकताना जाऊन आदळली होती.

"मी कुठे होतो तेव्हा?" समीरने विचारलं.

"ऑफिस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो ज्या खेड्याची माहिती रोज वाचून दाखवत होता तिथला पूलही त्याला पाठ होता, आणि या कठड्याजवळून तो सतरा वर्षं गाडीने गेला होता. मला त्याची दया आली. नोकरी करणाऱ्या बापाला काय काय बघता येतं?

चहाच्या टपरीवर उभं राहून आम्ही तिघांनी कागदी पेल्यात गोडमिट्ट चहा घेतला. परत येताना इमारतीच्या दाराशी वॉचमन गुलचाचा खुर्ची टाकून बसले होते, पेशावरकडचे, पांढरी दाढी. इराला बघून उठले.

"सुना है जा रहे हो, बेटा?" मग समीरकडे बघून म्हणाले, "वापस आओगे ना, साब?"

"इन्शाल्ला, इन्शाल्ला," समीर म्हणाला. तिथे सगळे असंच म्हणतात. त्यावर विषय संपतो.

इरा थांबली. तिने बापाकडे वळून सरळ बघितलं. "बाबा. आर वी?"

समीरने तोंड उघडलं. आता सुट्टीला येऊ, विमान काय सात तासांचं आहे, असलं काहीतरी तो म्हणणार असं मला वाटलं. मीही तेच म्हटलं असतं.

"नाही, इरा," तो म्हणाला. "राहायला नाही. व्हिसा नसेल. मी विचारायला हवं होतं तुला, पण विचारलं असतं तरी जावं लागलंच असतं. बहुतेक हे शेवटचंच आहे."

ती रडली. तिथेच, दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मोठ्याने. मी पुढे झाले नाही. समीरने तिला थोपटलं नाही, गवताच्या मैदानाचं नाव काढलं नाही. तो फक्त तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. गुलचाचांनी खुर्ची पुढे सरकवली, कुणासाठी ते त्यांनाही कळलं नसावं. मीच त्या खुर्चीवर बसले.

रडं ओसरल्यावर इराने बाहीने नाक पुसलं.

समीरने विचारलं, "अजून काय बघायचं राहिलंय?"

"अ लॉट," इरा म्हणाली, आणि पार्किंगकडे चालायला लागली. तो तिच्या मागोमाग गेला.